क्रांतिकारकांची शस्त्रे : श्रद्धा आणि शोध

(ठाणे येथील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



क्रांतिकारकांची चरित्रे आपण सर्वांनी लहानपणापासून वाचली आहेत. आज मी त्यांच्या हातातील शस्त्रांविषयी बोलणार आहे. ती शस्त्रे कोठून आली, कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, आज कोठे आहेत आणि मुख्य म्हणजे एखादे शस्त्र अमुक हुतात्म्याचेच होते हे आपण कशाच्या आधारे म्हणतो, हा माझा विषय आहे. मी शस्त्रतज्ज्ञ नाही. कलाशाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. बंदूक चालविण्याचा प्रसंग आयुष्यात कधी आला नाही आणि आता येईल असेही वाटत नाही. या विषयात मी ओढला गेलो तो एका दूरध्वनीमुळे.

नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका वृद्ध गृहस्थांचा तो दूरध्वनी होता. घरचे सगळे त्यांना आप्पा म्हणत, पुढे मीही तसेच म्हणू लागलो. आप्पा म्हणाले, "तुमचा सावरकरांवरचा लेख वाचला. आमच्या घरात त्या वीसांपैकी एक आहे. तुम्ही येऊन बघा आणि त्यावर लिहा. माझे डोळे मिटण्याआधी ते एखाद्या संग्रहालयात नीट पाटी लावून ठेवलेले मला पाहायचे आहे."

'त्या वीसांपैकी' म्हणजे काय, ते या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. तरीही तरुण मंडळींसाठी सांगतो. १९०९ च्या आरंभी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनच्या 'इंडिया हाउस'मधील आचारी चतुर्भुज अमीन यांच्या हाती वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मुंबईला धाडली. पेटीला खोटा तळ करून त्यात ती दडविली होती. त्याच वर्षी जूनमध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपराध काय? तर कविता छापल्या. आणि २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सनवर अनंत लक्ष्मण कान्हेरे या कोवळ्या तरुणाने गोळ्या झाडल्या, त्या याच वीसांपैकी एका पिस्तुलातून. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आले. म्हणजे आपण बसलो आहोत त्याच या गावात.

अशा वीसांपैकी एक शस्त्र कोणाच्या घरात सापडले असेल, तर पत्रकार म्हणून माझी झोप उडणे स्वाभाविक होते. पुढच्याच रविवारी मी एस.टी. पकडली.

आप्पांनी देवघराशेजारच्या खोलीत नेले. लोखंडी कपाट उघडून एक पिवळट फडक्यातील वस्तू माझ्यापुढे ठेवली आणि हात जोडले. मीही जोडले. फडके उघडल्यावर मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. शस्त्राला गोल फिरते चक्र होते, सहा घरांचे.

मराठीत आपण सगळ्यालाच सरसकट 'पिस्तूल' म्हणतो. वृत्तपत्रांतही तेच चालते आणि त्या पापात माझाही वाटा आहे. पण वस्तू दोन आहेत. रिव्हॉल्वरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रात असतात. घोडा मागे जाताना चक्र एक घर पुढे सरकते. अमेरिकेतील सॅम्युअल कोल्टने १८३६ साली त्याचे पेटंट घेतले. स्वयंचलित पिस्तुलात चक्र नसते. काडतुसे मुठीतल्या पेटीत एकावर एक रचलेली असतात आणि गोळी सुटण्याच्या धक्क्यानेच पुढचे काडतूस जागेवर येते. जॉन ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन कारागिराने ही रचना यशस्वी करून दाखविली. बेल्जियमच्या कारखान्यात निघालेली 'ब्राउनिंग' पिस्तुले त्याचीच आणि गंमत अशी की, अमेरिकेच्या कोल्ट कारखान्याचे १९०३ चे प्रसिद्ध पॉइंट बत्तीसचे पिस्तूलही त्याच्याच डोक्यातून निघालेले. सावरकरांनी पाठविलेली वीसही शस्त्रे चक्र नसलेली होती. आप्पांच्या हातातील शस्त्राला चक्र होते.

पण एवढ्यावरून निकाल देणे बरे नव्हे. कदाचित वीसांतले नसेल, त्या काळातील दुसरे एखादे असेल. मी आप्पांना प्रथम परवाना विचारला. तो होता, वेळोवेळी नूतनीकरण केलेला. तेव्हा कोठे मी ते शस्त्र, रिकामे असल्याची त्यांच्या मुलाकडून खात्री करून घेऊन, हातात घेतले. त्यावरील प्रत्येक अक्षर वहीत उतरवून घेतले, भिंगातून छायाचित्रे काढली आणि 'तपास करून सांगतो' असे म्हणून परतलो.

या तपासाच्या निमित्ताने मी जे वाचले, त्यातील काही भाग आज तुमच्यापुढे ठेवतो.

शस्त्राचा पूर्वेतिहास शोधण्याची किल्ली म्हणजे त्याच्यावर ठोकलेला क्रमांक. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक असतो आणि कारखान्याच्या खातेवहीत त्या क्रमांकापुढे ते कधी व कोणाकडे रवाना झाले, याची नोंद असते. कोल्ट कंपनीकडे आजही शुल्क भरून पृच्छा केली, तर जुन्या वह्या पाहून त्या क्रमांकाचे शस्त्र कोणत्या तारखेला कोणत्या व्यापाऱ्याला पाठविले, याचे पत्र मिळते. जगभरचे संग्राहक अशा पत्रावाचून जुन्या शस्त्राला हात लावत नाहीत. मग नळीवर तपासणीच्या मुद्रा असतात, व्यापाऱ्याचे नाव कोरलेले असते. हिंदुस्थानात आलेल्या कितीतरी शस्त्रांवर कलकत्त्याच्या रोडा किंवा मँटन या पेढ्यांची नावे दिसतात. आणि शेवटी येतात माणसांनी लिहिलेले कागद : परवाना, पावती, जप्तीचा पंचनामा, न्यायालयातील वस्तूंची यादी. क्रमांक आणि कागद यांची गाठ बसली, तरच शस्त्राला वंशावळ मिळाली असे समजायचे. ऐकीव कथा कितीही हृद्य असली तरी ती गाठ नव्हे.

आणि बंधूंनो, एक विलक्षण गोष्ट माझ्या ध्यानी आली. आपल्या क्रांतिकारकांच्या शस्त्रांचा हा पूर्वेतिहास सर्वांत कसोशीने कोणी लिहून ठेवला असेल, तर तो इंग्रज सरकारने. त्यांना फासावर चढविण्यासाठी!

हुतात्मा मदनलाल धिंग्रांचे उदाहरण घ्या. १ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये त्यांनी कर्झन वायलीचा वध केला. ओल्ड बेली न्यायालयातील खटल्याचे वृत्त छापील स्वरूपात उपलब्ध आहे. गॅमेज नावाच्या प्रसिद्ध दुकानातील विक्रेता साक्षीला उभा राहतो आणि सांगतो की, जानेवारी १९०९ मध्ये हे कोल्ट स्वयंचलित पिस्तूल मी आरोपीला तीन पौंड पाच शिलिंगांना विकले. मग टॉटनहॅम कोर्ट रोडवरील नेमबाजीच्या जागेचा मालक येतो. तो सांगतो की, हा तरुण तीन महिने आठवड्यातून दोन-तीनदा सरावाला येई आणि वधाच्या दिवशी संध्याकाळीदेखील तो येऊन बारा गोळ्या झाडून गेला, त्यांतल्या अकरा लक्ष्यावर लागल्या. फाशीची तयारी म्हणून नोंदविलेला हा तपशील आज आपल्याला त्या तरुणाच्या निश्चयाचे केवढे दर्शन घडवितो! कोणत्याही चरित्रकाराला हे सुचले नसते. जाता जाता आणखी एक. त्या काळी इंग्लंडात दहा शिलिंगांचा परवाना टपाल कचेरीत मिळत असे. इकडे हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र कायद्याने सारी प्रजा निःशस्त्र केलेली. ज्या साम्राज्याने घरी आपल्याला काठी धरू दिली नाही, त्याच्याच राजधानीत भर बाजारात धिंग्रांनी पिस्तूल विकत घेतले.

दुसरे प्रकरण बंगालचे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा कंपनीचा माल जकात कचेरीतून सोडवून आणण्यास तिचा कारकून श्रीशचंद्र मित्र गेला. पेट्या होत्या २०२. त्याने १९२ कंपनीच्या गोदामात आणून टाकल्या, 'उरलेल्या दहा आणतो' म्हणून गेला आणि परत आला नाही. त्या दहा पेट्यांत ५० मॉझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती! रोडा कंपनीने प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक नोंदविलेला होता. त्यामुळे पुढे बंगालमध्ये एखादे मॉझर पकडले गेले की, ते या पन्नासांपैकी आहे की नाही, हे पोलिसांना लगेच कळे. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात हिशेब दिला आहे : ४४ पिस्तुले नऊ निरनिराळ्या क्रांतिगटांत वाटली गेली, ५४ प्रकरणांत ती वापरली गेली आणि ३१ परत हाती लागली. शत्रूने मांडलेला हा ताळेबंद आहे, म्हणून तर त्याच्याविषयी अतिशयोक्तीची शंका घेण्याचे कारण नाही. पन्नास पिस्तुले आणि चौपन्न प्रकरणे. केवळ चरख्याने साम्राज्य हलले असे ज्यांना वाटते, त्यांनी रौलट अहवालाची ही पाने अवश्य वाचावीत.

पण शत्रूच्या कागदांत नोंद झाली, म्हणजे वस्तू जपली गेली असे नव्हे. हुतात्मा भगतसिंहांच्या पिस्तुलाची कथा ऐका. ८ एप्रिल १९२९ ला असेंब्लीत त्यांना पकडले, तेव्हा त्यांच्याजवळ पॉइंट बत्तीसचे कोल्ट स्वयंचलित पिस्तूल होते. १७ डिसेंबर १९२८ च्या साँडर्स वधातील पिस्तूल ते हेच. त्याच वधात पहिली गोळी झाडणारे शिवराम हरि राजगुरू आपल्या खेडचे, हे वेगळे सांगायला नको. त्या पिस्तुलाचा क्रमांक कागदोपत्री होता : १६८८९६. १९४४ मध्ये ते लाहोरहून फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेकडे गेले. स्वातंत्र्यानंतर, १९६९ च्या सुमारास, काही इतर शस्त्रांबरोबर ते इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात पोहोचले. आणि तेथे ते हरवले! कोणी चोरले नाही की विकले नाही. संग्रहालयाच्या कपाटात इतर शस्त्रांच्या रांगेत ते उभे होते, पण गंज चढू नये म्हणून सगळ्यांना फासलेल्या काळ्या रंगाखाली त्याचा क्रमांक दडून गेला होता. येणारे-जाणारे त्याच्यासमोरून जात आणि कोणाला पत्ता नसे.

पंजाबमधील एक पत्रकार जुपिंदरजित सिंग यांनी कागदांचा माग काढत लाहोर, फिल्लौर, इंदूर अशी साखळी जुळविली. २०१६ मध्ये केंद्रातील अधिकाऱ्यांनी पिस्तुलांवरील रंग खरवडण्यास आरंभ केला आणि एकावर तो क्रमांक उमटला : १६८८९६. बंधूंनो, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. फाशीनंतर तब्बल ८५ वर्षांनी! पुढे २०१७ मध्ये ते पंजाबात हुसेनीवाला येथे, जेथे भगतसिंह, राजगुरू, सुखदेव यांची समाधी आहे, तेथील संग्रहालयात नेण्यात आले. एका व्यवसायबंधूने केलेले हे काम आहे, म्हणून थोडा अभिमान आणि थोडी असूयाही वाटते, हे प्रांजळपणे सांगतो.

चंद्रशेखर आझादांच्या पिस्तुलाचा प्रवास याच्या उलट झाला. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये आझादांनी देह ठेवला. त्यांचे कोल्ट पिस्तूल तेथील इंग्रज पोलीस अधिकारी नॉट-बॉवर याच्याकडे गेले आणि त्याच्याबरोबर इंग्लंडला पोहोचले. हा गृहस्थ पुढे लंडनचा पोलीस आयुक्त झाला. स्वतंत्र भारताच्या मागणीनंतर १९७२ मध्ये ते आपल्या उच्चायुक्तालयामार्फत मायदेशी परतले. प्रथम ते लखनौला ठेवले होते, नंतर अलाहाबाद, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या संग्रहालयात आले. आजही ते तेथे पाहता येते. तेथे गेलो असता मी काचेपुढे किती वेळ उभा होतो, ते आठवत नाही.

परंतु तेथेच एक गोष्ट खटकली. आझादांच्या या पिस्तुलातून धूर निघत नसे, म्हणून ते कोणत्या झाडाआडून गोळी झाडतात हे पोलिसांना कळत नसे, असे हमखास सांगितले जाते. पॉइंट बत्तीसचे ते काडतूसच मुळी धूरविरहित दारूसाठी बनविलेले आहे. आझादांवर गोळ्या झाडणाऱ्या पोलिसांच्या शस्त्रांतही त्या काळी तशीच दारू होती. पिस्तुलात काही चमत्कार नव्हता. असामान्य होता तो माणूस. शस्त्राला जादूचे करून आपण नकळत त्या माणसाचा पराक्रम कमी करतो, हे सांगणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

हुतात्मा उधमसिंहांचे मात्र खरोखरच रिव्हॉल्वर होते, स्मिथ अँड वेसन बनावटीचे. १३ मार्च १९४० रोजी कॅक्स्टन हॉलमध्ये मायकेल ओडवायरचा त्यांनी वध केला, तेव्हा त्यांच्याजवळची काडतुसे त्या रिव्हॉल्वरच्या मापाहून लहान होती. बरोबरचे तिघे जखमी झाले, पण वाचले. ज्याच्यासाठी २१ वर्षे वाट पाहिली तो मात्र जागीच ठार झाला. ते रिव्हॉल्वर आजही लंडनच्या पोलिसांच्या गुन्हे संग्रहालयात आहे आणि ते संग्रहालय सर्वसामान्यांना खुले नाही. उधमसिंहांच्या अस्थी १९७४ मध्ये परत आल्या. शस्त्र अजून तेथेच, खुन्यांच्या आणि दरोडेखोरांच्या हत्यारांच्या शेजारी आहे. त्याविषयी मला जे वाटते ते या व्यासपीठावर शब्दांत मांडत नाही. तुम्हालाही तेच वाटत असणार.

आता आप्पांकडे परत येतो.

वहीत उतरवून आणलेल्या अक्षरांत 'वेब्ली', 'मार्क चार', पॉइंट अडतीस आणि एका बाजूला ठोकलेले दोन इंग्रजी शब्द होते : 'वॉर फिनिश'. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याने दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत शस्त्रे बनविताना पृष्ठभागाची झिलई नीट करता येत नाही, याची कबुली म्हणून हे शब्द ठोकले. म्हणजे ते रिव्हॉल्वर फार तर १९३९ नंतरचे. कान्हेरे फासावर गेल्यानंतर किमान २९ वर्षांनी जन्मलेले. पुढे आप्पांच्याच घरातील जुने परवाना पुस्तक पाहिले. १९५१ साली आप्पांच्या वडिलांनी, जंगलाच्या ठेक्यावर रात्री-अपरात्री जावे लागे म्हणून, मुंबईच्या एका परवानाधारक विक्रेत्याकडून ते विकत घेतले होते. पुस्तकातील क्रमांक आणि शस्त्रावरील क्रमांक एकच. गाठ पक्की बसली, पण नको तेथे.

हे आप्पांना कसे सांगायचे? खरे सांगतो, मी दोन आठवडे टाळाटाळ केली. माझ्या एका सहकाऱ्याने सुचविले, "अरे, 'परंपरेने असे मानले जाते' एवढे लिही आणि मोकळा हो. म्हाताऱ्याला बरे वाटेल, लेखही चांगला होईल." मोह झाला नाही असे नाही. पण ज्यांच्या नावाने ते शस्त्र आम्ही मिरविणार होतो, त्या सावरकरांनी लंडनमध्ये १८५७ चा इतिहास लिहिला तो इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसून, इंग्रजांचेच कागद चाळून. भाकडकथा चालवून घेणारा हा माणूस नव्हता. शिवाय व्यवहाराचाही प्रश्न आहे. उद्या एखाद्या विरोधकाने ती पाटी खोटी ठरविली, तर तो तेवढ्यावर थांबेल का? वीस पिस्तुलांची सगळी कथाच दंतकथा आहे, असे लिहायला तो मोकळा होईल.

म्हणून पुन्हा एस.टी. पकडली आणि समोर बसून सगळे सांगितले. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. सुनेने चहा आणून ठेवला, तो गार झाला. मग ते म्हणाले, "मग आमच्या थोरल्या आजोबांनी काहीच केले नव्हते काय? घरात पोलीस आले होते, हे मी आजीच्या तोंडून ऐकले आहे." मी म्हणालो, "आप्पा, पोलीस आले असतील तर कागद असेल. कागद शोधा."

महिन्याभराने त्यांच्या नातवाचा दूरध्वनी आला. देवघरातील पोथ्यांच्या खोक्याच्या तळाशी, भविष्योत्तर पुराणाच्या पोथीत घडी करून ठेवलेला, मोडीतील एक कागद सापडला होता. मला मोडी येत नाही. नाशिकच्या एका मोडीवाचक स्नेह्याकडून तो वाचून घेतला. जानेवारी १९१० मधील घरझडतीचा तो पंचनामा निघाला. जॅक्सनच्या वधानंतर इंग्रजांनी नाशिक कटाचा खटला उभा केला, ३८ जणांना आरोपी केले आणि त्या निमित्ताने अनेक घरे उलथीपालथी केली, त्यांपैकी हे एक घर. पंचनाम्यात जप्त वस्तूंची यादी आहे. शस्त्र एकही नाही. वह्या आहेत, सात पत्रे आहेत, सावरकरांनी लिहिलेल्या मॅझिनी चरित्राची एक प्रत आहे आणि 'लघु अभिनव भारत माला' या पुस्तिकेच्या तीन प्रती आहेत.

ही तीच पुस्तिका, जिच्यासाठी बाबारावांना अंदमान घडले. त्या शिक्षेनंतर सहा-सात महिन्यांनी, जॅक्सनचा वध होऊन गेल्यावर, एक तरुण तिच्या तीन प्रती घरात बाळगून होता. एक स्वतःसाठी म्हटली, तरी उरलेल्या दोन कोणाला द्यायच्या होत्या? आप्पांच्या आजीने घरात पोलीस आल्याचे सांगितले, ते खरे होते. पुढे १९५१ मध्ये घरात रिव्हॉल्वर आले, वडील गेले आणि दोन आठवणी कधीतरी एकमेकींत मिसळल्या. खोटे कोणीच बोलले नव्हते.

आप्पांना कागद वाचून दाखविला तेव्हा मी तेथे नव्हतो. नातवाने सांगितले की, त्यांनी तो तीनदा वाचायला लावला.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे जुने शस्त्र असेल, तर दोन शब्द सावधगिरीचे. परवाना नसलेले शस्त्र केवळ जुने आहे म्हणून वैध ठरत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुरातन किंवा कालबाह्य आणि वापरासाठी नसलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण आपले शस्त्र त्यात बसते की नाही, हे आपण घरी बसून ठरवायचे नसते. वकिलाचा सल्ला घेऊन ठाण्यात कळवावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावशेषांचा १९७२ चा कायदाही लागू होऊ शकतो आणि ती परदेशी विकता येत नाही. शस्त्र घासूनपुसून चकचकीत तर मुळीच करू नये, त्यात मुद्रा आणि क्रमांक झिजतात. कागद सापडला तर त्याला प्लास्टिकचे वेष्टन तापवून चिकटवू नये. आप्पांचा नातू तेच करायला निघाला होता, वेळेवर अडविला.

आप्पांचे रिव्हॉल्वर आता परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे. पंचनामा त्यांच्याकडेच आहे, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात. त्या यादीतील सात पत्रे जप्त झाली होती, म्हणजे ती पोलिसांच्या दप्तरात गेली असणार. मुंबई इलाख्याची जुनी दप्तरे काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागारात आहेत. पुढच्या महिन्यात नातवाला घेऊन मी तेथे जाणार आहे. आप्पांनी येण्याचा हट्ट धरला आहे, जिना चढवणार नाही असे डॉक्टर म्हणतात. बघू.

वंदे मातरम्!